चुकवलेलं क्रियापद

"अहो, पण करणार कोण?" दातांच्या डॉक्टरांनी फोनवर पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच म्हटलं, "होऊन जाईल." त्यांच्या पेशंटची वरची कवळी मधोमध दुभंगली होती, शनिवारी त्या गृहस्थांना चारचौघांत उभं राहून भाषण करायचं होतं, आणि डॉक्टरांना एवढीच खात्री हवी होती की कवळी माझ्या हातून जोडली जाईल, कुणा नवशिक्याच्या नाही. साधं उत्तर होतं. मी करते. दोन शब्द, पण ते काही केल्या तोंडातून निघेनात. "शनिवारच्या आत पोचेल, काळजी नको," असं म्हणून मी फोन ठेवला. पॉलिशच्या चाकावर बसणारे आमचे मामा (ते कुणाचेच मामा नाहीत, पण कवळ्या बनवणारी आमची सगळी लॅब त्यांना मामाच म्हणते) चाक थांबवून माझ्याकडे बघत होते. "बाई, खरं सांगा," ते म्हणाले, "तुम्ही भूत कामाला ठेवलंय का? होईल, जमेल, पोचेल, बघू या. सकाळपासून ऐकतोय. मी करते म्हटलं तर जीभ झडते का?" मी हसले. मामा नेहमीसारखी थट्टा करत होते, पण थट्टेत त्यांनी नेमकं दुखऱ्या दातावर बोट ठेवलं होतं.

ही सवय मला कुठून लागली ते मला पक्कं ठाऊक होतं. फोनवर आमचा एक ग्रुप आहे, जुने वाल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा. माणसं जगभर विखुरलेली, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, आणि सगळ्यांना एकच खूळ. मला ते खूळ लॅबमधूनच लागलं. एका पेशंटनं अडगळीतला रेडिओ भंगारात काढला होता, मी तो सहज घरी आणला, आणि बारीक तारेला डाग द्यायची, लहानशा जागेत चिमटा घालायची माझी सगळी कला तिथे कामी आली. दात काय आणि रेडिओ काय, दोन्हीकडे काळोखातच हात घालायचा असतो. त्या ग्रुपवर मी पहिल्यांदा काही लिहिलं तेव्हा 'फोटो पाठवा, सर्किट बघते' असं लिहायला गेले आणि फोननं आपलं शहाणपण चालवून 'बघतो' करून टाकलं. माझ्या फोटोच्या जागी रेडिओची डायल, नावाच्या जागी नुसतं एक अक्षर. लगेच उत्तर आलं, 'बघा दादा, तुमचाच आधार.' दुरुस्त करायला मी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. कारण त्याआधी एका दुसऱ्या ग्रुपवर मी माझ्या नावानं, माझ्या फोटोनं शिरले होते. तिथे बाई म्हणून शिरलं की पहिला प्रश्न, घरी कोण कोण असतं. दुसरा प्रश्न, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं. मग सकाळ-संध्याकाळ फुलांचे फोटो. इथे दादा झाले तर पहिला प्रश्न होता, व्होल्टेज किती येतंय? आहाहा! इतका सुंदर प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी व्होल्टेज सांगितलं आणि दादा होऊन राहिले.

पण गंमत अशी की मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही, जमतच नाही. लहानपणी मी खोटं बोलले की माझे कान लाल व्हायचे आणि आई माझ्या तोंडाकडे न बघता कानांकडे बघायची. 'मी करतो' असं जाणूनबुजून लिहायला लागले की त्या एकट्या खोलीतसुद्धा कान गरम व्हायचे. आणि 'मी करते' लिहिलं की दादा संपले. मग मी क्रियापदच चुकवायला लागले. आपली भाषा मोठी लबाड आहे. तोंड उघडलं की बाई की बाप्या ते सांगून मोकळी होते, पण सगळीकडे नाही. भविष्यकाळात ती गप्प बसते. मी करीन, मी पाठवीन, यात कुणाला काही कळत नाही. भूतकाळात काहीतरी केलेलं असलं की चालतं. मी तार बदलली, मी डाग दिला, मी ऐकलं. नुसतं काही झालं की पंचाईत. मी दमले, मी घाबरले, मी हसले, मी झोपले, यातलं एकही मला लिहिता येईना. दमछाक झाली, भीती वाटली, हसू आलं, डोळा लागला. म्हणजे दादा सदैव काहीतरी करून मोकळे झालेले किंवा करणार असलेले, आणि ज्याला वर्तमानकाळ म्हणतात, आत्ता, या क्षणी, त्यात दादांचा पत्ताच नाही. सुरुवातीला हा मला एक खेळ वाटायचा, बुद्धिबळासारखा. वाक्य सुरू करायचं आणि शेवटाला पोचायच्या आत वळवायचं. पुढे वळवायचीही गरज राहिली नाही, वाक्यं आपोआप तशीच यायला लागली. आणि आज ती फोनमधून उतरून लॅबच्या टेबलावर येऊन बसली होती. संध्याकाळी घरी आईनं विचारलं, "जेवतेस ना?" मी म्हटलं, "जेवू या." ती ताट वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "माझं झालंय कधीच. तू जेवतेस का ते सांग." बघा आता. आईच्या घरातसुद्धा मी वर्तमानकाळातून गायब.

त्याच संध्याकाळी मास्तरांचा निरोप आला. मास्तर म्हणजे त्या ग्रुपवरचे माझे सगळ्यात जवळचे, शाळेत उभा जन्म व्याकरण शिकवून निवृत्त झालेले, दूरच्या एका लहान गावात एकटे राहणारे. ग्रुपच्या बाहेरही आमचं दोघांचं लिहिणं चालायचं. फोनवर बोलायला त्यांना आवडत नाही. फोनवर माणूस घाईत काहीही बोलून जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी लिहिलं होतं, 'दादा, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे येतोय, तुमच्याच शहरात. आधी रेडिओ घेऊन तुमच्याकडे येईन. माणूस बघून मग डोळा बदलावा, म्हणजे जुन्या डोळ्यानं पाहिल्याचं समाधान. गुरुवार चालेल?' मी निरोप वाचला आणि फोन उपडा ठेवला. हा रेडिओ त्यांच्या बायकोच्या उशाशी असायचा. बाई गेल्या, आणि काही दिवसांनी रेडिओ घुं घुं करायला लागला, तेव्हापासून मास्तर मला लिहीत आले होते. सुरुवात घुमण्यापासून आणि मग हळूहळू बाकीचं. की ते आता खोलीत झोपत नाहीत, स्वयंपाकघरात ओट्याखाली सतरंजी टाकतात. की लोक भेटायला आले तेव्हा त्यांना रडू येईना आणि सगळे काय म्हणतील म्हणून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. की बायकोचा राग येतो, चक्क राग, ती आधी गेली म्हणून. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'दादा, बरं झालं तुम्ही पुरुष आहात. बाईमाणसाला हे सांगता आलं नसतं. बायका लगेच समजूत घालायला धावतात, आणि समजूत घातली की माझं तोंड मिटतं.' त्यावर मी काय लिहिलं होतं? 'फिल्टरचे कपॅसिटर सुकले असावेत. बदलून बघू या.' एवढंच. त्यांचं उत्तर आलं होतं, 'तुम्ही समजून घेता.'

आता दार उघडल्यावर त्या माणसाला काय दिसणार होतं? त्यानं आपलं सगळं उघडं मन ज्याच्यापुढे ठेवलं तो दादा नाहीच, एक बाई आहे, कवळ्या जोडणारी, आईबरोबर राहणारी. मला माझी लाज नव्हती वाटत, भीती वाटत होती ती त्यांच्या लाजेची. तो माणूस उठून जाईल, पुन्हा कधी कुणाला एक अक्षर लिहिणार नाही, आणि ओट्याखालच्या सतरंजीवर तोंड मिटून पडेल. आणि मी? माझं तर तेवढंच एक माणूस होतं. चोवीस तास फोनमध्ये डोकं घालून बसते म्हणून आई ओरडते, तिला काय सांगू की त्या फोनमध्ये गर्दी असली तरी माझं म्हणावं असं एकच माणूस आहे. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मामांना सगळं सांगून टाकलं. सांगायला दुसरं होतं कोण! मामा पोट धरून हसले, मग एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना? मी होतो दादा. दोन तासांचा तर प्रश्न. मिशा आहेत, आवाज आहे, अजून काय लागतं?" क्षणभर मला ते खरंच पटलं. मी त्यांना शिकवायलाही बसले. "मास्तर विचारतील वाल्व्ह कुठला बदलला." "सांगीन, नळाचा होता, गळत होता." "मामा!" "बरं मग तुम्ही पडद्यामागून सांगा, मी पुढे तोंड हलवतो." मामांच्या तोंडात माझी वाक्यं, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला इतका उबग आला की मी हातातला साचा खाली ठेवला. आधी क्रियापद गेलं होतं, आता तोंडही भाड्यानं द्यायचं. "नको मामा," मी म्हटलं. मामांनी चाक सुरू केलं आणि आवाज चढवून म्हणाले, "मग स्वतःच व्हा. माझं काय जातंय."

नाही म्हणवेना म्हणून मास्तरांना 'चालेल' लिहून पत्ता पाठवला, आणि गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शंभर वाक्यं तयार केली. दादा गावाला गेलेत. दादा आजारी आहेत. दादा म्हणून मला एक भाऊ आहे. भाऊ आहे हे तर खरंच, परदेशात असतो, पण तो धाकटा, आणि त्याला रेडिओचं बटण कुठल्या बाजूला असतं तेही ठाऊक नाही. आतल्या खोलीत टेबलावर सामान मांडलं, सोल्डरिंगची सळई तापत ठेवली, हातांना काहीतरी काम हवं म्हणून. आणि मास्तर ठरल्या वेळेच्या आधीच आले. बेल वाजली, मी उठायच्या आत आईनं दार उघडलं. "दादा आहेत का?" असा एक स्वच्छ, शब्द सुटा सुटा करणारा आवाज आला. तो मी कधीच ऐकला नव्हता, तरी ओळखला. आईला थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे ती घर हादरेल अशा आवाजात बोलते. "दादा? अहो, आमच्याकडे कुणी दादा नाही! मुलगा परदेशात, त्याला आम्ही बाळ म्हणतो, चांगला चाळिशीचा आहे. इथे आम्ही दोघीच!" मी बाहेर आले तेव्हा मास्तर उंबऱ्याबाहेर गोंधळून उभे होते. सडसडीत, इस्त्रीचा शर्ट, एका डोळ्यावर दुधासारखी साय, आणि चादरीत गुंडाळलेला रेडिओ दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. मला बघून, आजींना नीट ऐकू आलं नसेल अशा समजुतीनं, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "वहिनी," ते म्हणाले, "माफ करा, घर चुकलो असं वाटलं मला. दादांना सांगता का, मास्तर आलेत?"

वहिनी! हे मला सुचलंच नव्हतं. इतकं सोपं. एका शब्दात मला बायको करून टाकली होती, माझीच. नुसतं 'बसा' म्हणायचं, 'आत्ता बाहेर पडलेत, अचानक काम निघालं' म्हणायचं, पाणी द्यायचं, आणि बाजूला बसून दादांची तारीफ ऐकायची. मास्तरांचं काही जाणार नव्हतं. त्यांचे दादा शाबूत राहिले असते आणि संध्याकाळी पुन्हा लिहिणं सुरू झालं असतं. माझ्या डोळ्यांपुढे ती सगळी संध्याकाळ उलगडली, आणि तिच्यात मी कुठेच नव्हते. इतकी वर्षं मी चुकवत आले होते ते निदान माझं स्वतःचं चुकवणं होतं. आता कुणीतरी मला माझ्याच घरात दुसऱ्या बाजूला नेऊन उभं केलं होतं, आणि तिथून मला दिसत होतं की दादा नावाचा माणूस मी असा बाहेर धाडला तर घरात कुणीच उरत नाही. कान गरम झाले. आई माझ्या कानांकडेच बघत होती. "मास्तर," मी म्हटलं, "दादा म्हणजे मीच." आणि तेवढ्या घाईतही मला कळलं की यातसुद्धा क्रियापद नाही. म्हणून मी पुढे म्हणाले, अगदी शाळेतल्या मुलीसारखी, एकेक शब्द धरून, "मी लिहिते. मीच लिहीत होते. मी बाई आहे हे तुम्हाला सांगायला मी घाबरले." लिहिते. होते. घाबरले. भलतीच गोड वाटली मला ती तीन क्रियापदं, तशाही प्रसंगात.

मास्तर आत आले, रेडिओ टेबलावर ठेवला, खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आईला काही कळलं नव्हतं, पण काहीतरी मोठं घडतंय एवढं कळल्यामुळे ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी मोठमोठ्यानं वाजवायला लागली. "ते सगळं," मास्तर शेवटी म्हणाले, "मी जे लिहीत होतो ते. वाचलंत?"

"वाचलं."

"स्वयंपाकघरातलं?"

"हो."

"रागाचं?"

"ते दोनदा वाचलं."

त्यांची मान खाली गेली. झालं, मी मनात म्हटलं, आता उठतील. चादरीचं एक टोक ते बोटांनी घडी घालत होते, उलगडत होते. मग मान वर करून त्यांनी जरा चिडूनच विचारलं, "मग एकदाही समजूत कशी घातली नाहीत?"

"मला येत नाही समजूत घालता," मी म्हटलं. "आई म्हणते, कुणाच्या घरी दुःखाच्या वेळी मला पाठवू नये. मी जाऊन पंखा का आवाज करतोय ते बघत बसते."

मास्तरांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं ठसका लागला, पण ते हसत होते. हसताना खांदे हलत होते आणि चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं, साय आलेल्यातूनही. "पंखा!" ते म्हणाले. "अहो, मी शब्दाशब्दाला पोरांचे कान धरले. कर्ता कुठे, कर्म कुठे, क्रियापद कुणाप्रमाणे चालतं. आणि तुम्ही वर्षानुवर्षं माझ्या नाकाखालून क्रियापद पळवून नेलंत? थांबा, थांबा. तुमचा तो निरोप, माझी वीज जाऊन रात्रभर फोन बंद पडला होता तेव्हाचा. 'रात्रभर जाग होती.' तेव्हाच मला वाटलं होतं, किती सुरेख लिहितात दादा, स्वतःला मध्ये आणत नाहीत. मी त्याला नम्रता समजत होतो!" आणि ते पुन्हा हसायला लागले. मीही अशी हसले की आई काही करपलं की काय अशा चेहऱ्यानं दारात येऊन उभी राहिली. बरं वाटलं मला. दुसरा शब्द नाही, नुसतं बरं वाटलं, पायांपर्यंत.

मग आम्ही रेडिओ उघडला. आत धूळ, एक कोळ्याचं जाळं, आणि बायकोच्या डोक्याची एक काळी पिन. पिन मास्तरांनी खिशात ठेवली आणि मी तिकडे बघितलं नाही. कपॅसिटर खरोखरच सुकून फुगले होते. मी जुने काढायला बसले. मास्तर टॉर्च धरून उभे, आणि उभ्या उभ्या बोलायला लागले. लिहायचे तेच, पण आता आवाजात. बाई रेडिओ लावून झोपायच्या, मास्तर उठून बंद करायचे, त्या झोपेतच म्हणायच्या, ऐकतेय मी. एकदा मास्तरांनी बंदच केला नाही, रात्रभर चालू, आणि सकाळी त्या म्हणाल्या, आज झोप लागली नाही बाई, तुम्ही उठलाच नाहीत. हे सांगता सांगता त्यांचा आवाज तुटला आणि ते रडायला लागले. चांगले, मोठ्यानं, लहान मुलासारखे. टॉर्चचा उजेड भिंतीवर, छतावर कुठेही जायला लागला. "मास्तर," मी म्हटलं, "उजेड इकडे." त्यांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं आणि टॉर्च नीट धरला. रडणं चालूच होतं. मी डाग देत राहिले. आई दारातून बघत होती, तिनं मला डोळ्यांनी विचारलं, काय गं हे, आणि मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, असू दे.

माझ्या मनात आलं की ग्रुपवर सांगायला हवं. सगळे काय म्हणतील, कुणी निघून जाईल, कुणी फुलांचे फोटो पाठवील. पाठवू देत. कालपर्यंत या विचारानं माझी झोप उडाली असती. आज मला त्याचं काही वाटेना, जणू दाढ उपटून झाली आहे आणि आता फक्त जीभ त्या मोकळ्या जागेवरून फिरवायची आहे. दादा तिथे राहिले तरी चालतील, गेले तरी चालतील. त्यांच्याशी माझं काही वैर नव्हतं. बिचाऱ्यांनी मला इतकी वर्षं व्होल्टेजच्या गप्पा मारू दिल्या होत्या. फक्त आता त्यांच्या मागे उभं राहायला मला सांगू नये कुणी, एवढंच.

एक डाग थंड होत होता, अजून तासभर लागेल असं मी सांगत होते, तेव्हा मास्तरांचा फोन वाजला. मुलगा. न्यायला कधी येऊ, म्हणून विचारत असणार. मास्तरांचे डोळे अजून लाल होते, पण आवाज शाळेतला, सुटा सुटा झाला होता. "अरे, आत्ता नको," ते म्हणाले. "अजून तासभर लागेल म्हणाली दादा." मग ते थांबले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मी हातातली सळई धरून तशीच राहिले. आयुष्यभर कर्ता-क्रियापदाच्या लग्नगाठी बांधणारा माणूस आता वाक्य मागे घेईल असं मला वाटलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मान ताठ केली, आणि वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसं ठणकावून म्हणाले, "हो, दादा म्हणाली. बरोबरच बोलतोय मी."